शब्दवही: सोलापूरच्या कारखान्यात कामगारांची आस्था टिकवण्याचा मार्ग

दिवाळीचा बोनस वाटून झाला, सुट्टी संपली आणि पाळी पुन्हा सुरू झाली की त्या पहिल्या सकाळी हजेरीपत्रकात किती नावांपुढे खाडा पडतो, याची धास्ती सोलापुरातील बहुतेक कारखानदारांनी अनुभवलेली असते. टॉवेल आणि चादरीचे यंत्रमाग असोत, गणवेश शिवणारे शिलाई विभाग असोत किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतील लहानमोठी यंत्रशाळा असो, "बोनस घेतला आणि गेला" ही तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. जाणारा माणूस कधी शेजारच्या कारखान्यात नगामागे थोडी अधिक मजुरी मिळते म्हणून जातो, तर कधी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस धरून कायमचा पुण्याला जातो. मात्र त्याच गल्लीत, त्याच मजुरीवर, वीस-वीस वर्षे एकाच ठिकाणी टिकलेली माणसे असलेले कारखानेही आहेत. या दोन प्रकारच्या कारखान्यांत नेमका कोणता फरक आहे, हे कामगार विभागात काम करताना मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यावरून जी कार्यपद्धती हाती लागली ती येथे क्रमाने मांडत आहे. तिच्या केंद्रस्थानी 'शब्दवही' आहे, म्हणजे कामगारांना दिलेल्या शब्दांची, वचनांची नोंदवही. पन्नास ते दोनशे माणसांचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

आधी शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'एम्प्लॉयी एंगेजमेंट', म्हणजे कामगाराची कामाविषयीची आस्था, म्हटले की क्रिकेटचे सामने, वाढदिवसाचा केक आणि भिंतीवरच्या घोषणा डोळ्यांसमोर येतात. बोस्टन विद्यापीठातील विल्यम कान यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी यांपैकी कशाचाही विचार केला नव्हता. माणूस मनापासून कामात उतरतो की अंग चोरतो, हे त्यांच्या मते तीन प्रश्नांवर ठरते: या कामात मी जीव ओतला तर त्याला काही अर्थ आहे का, येथे मोकळेपणाने वागलो तर माझे नुकसान तर होणार नाही ना, आणि त्यासाठी लागणारे शारीरिक व मानसिक बळ माझ्यापाशी आज शिल्लक आहे का. हा अभ्यास एका उन्हाळी शिबिराचे मार्गदर्शक आणि वास्तुविशारदांच्या कार्यालयातील कर्मचारी यांच्यावर झाला होता, तरी मागावर उभ्या असलेल्या विणकरालाही हेच तीन प्रश्न पडतात. पुढील प्रत्येक पायरी यांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पहिली पायरी: गळतीची मोजणी

गेल्या चोवीस महिन्यांत काम सोडून गेलेल्या प्रत्येक माणसाची एक ओळ याप्रमाणे यादी करावी. तीत रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, विभाग, पाळी आणि सुपरवायझरचे नाव असावे. ही यादी एका संध्याकाळी तयार होते आणि बऱ्याचदा ती पाहूनच अर्धा उलगडा होतो. सोडणारे बहुतेकजण पहिल्या तीन महिन्यांतच गेले असतील तर दोष भरतीत आणि शिकवण्याच्या पद्धतीत शोधावा. तीन-चार वर्षे काम केलेले कसबी कारागीर जात असतील तर त्यांना पुढची वाट दिसत नाही, असे समजावे. आणि एकाच विभागातून, एकाच माणसाच्या हाताखालून लोक जात असतील, तर त्याचे कारण काय असेल हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मोजणीला पैशांची जोड दिल्याशिवाय मालकाचे मन तयार होत नाही, म्हणून एक हिशेब करून पाहावा. समजा, शिलाई विभागात ६० कारागीर आहेत आणि वर्षभरात त्यांतील २४ जण बदलले. नवा माणूस पहिले सहा आठवडे साधारण निम्मेच काम देतो असे धरले, तर प्रत्येक बदलामागे १८ दिवसांचे उत्पादन बुडते. २४ माणसांमागे ते ४३२ दिवस होतात, म्हणजे जवळजवळ दीड माणसाचे वर्षभराचे काम. यात बिघडलेला माल, शिकवणाऱ्याचा वेळ आणि उशिरा गेलेली ऑर्डर धरलेलीच नाही. आपल्या कारखान्याचे आकडे घालून हा हिशेब स्वतःच्या हाताने करावा, कारण दुसऱ्याने केलेल्या हिशेबावर कोणाचाही फारसा विश्वास बसत नाही.

दुसरी पायरी: त्यांच्या भाषेत ऐकणे

यानंतर कामगारांना विचारायचे आहे, आणि येथे सोलापूरचे वेगळेपण लक्षात घ्यावे लागते. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातून येणाऱ्यांच्या तोंडी कन्नड असते, आणि अनेक घरांत उर्दू किंवा दखनी चालते. हे सर्वजण मराठी समजतात आणि बोलतात, परंतु मनातले दुखणे माणूस आईच्या भाषेतच सांगतो. त्यामुळे फलकावर मराठीत सूचना लावली किंवा छापील प्रश्नपत्रिका वाटली, एवढ्याने ऐकण्याचे काम झाले असे मानू नये. शिवाय घरी तेलुगू बोलणाऱ्या कित्येक तरुणांचे शिक्षण मराठीतून झालेले असते आणि त्यांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, म्हणून छापील भाषांतरही सर्वांना उपयोगी पडत नाही. समोरासमोर बसून बोलणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

सहा ते आठ जणांचा गट करून पाऊण तास बसावे. पाळीच्या वेळातच बसावे, म्हणजे त्या पाऊण तासाची मजुरी बुडणार नाही. गटात सुपरवायझर आणि मालक नसावेत. कामगारांची भाषा येणारा आणि शब्दाचा पक्का म्हणून ओळखला जाणारा माणूस असावा. प्रश्न मोजके आणि साधे विचारावेत. उद्या कोणते काम करायचे आहे, हे आज तुम्हाला ठाऊक असते का? सूत, कांडी, सुई, कापड वेळेवर हातात मिळते का? गेल्या महिन्यात तुमच्या चांगल्या कामाची दखल कोणी तुमचे नाव घेऊन घेतली का? माल बिघडला तर ते लगेच सांगता येते, की लपवावेसे वाटते? आणि शेवटी, पुढच्या दिवाळीला तुम्ही येथे असाल का, नसाल तर कशामुळे? या शेवटच्या प्रश्नापाशी सहसा थोडी शांतता पसरते. त्या वेळी घाई न करता थांबावे, कारण सर्वात उपयोगाची माहिती त्यानंतरच मिळते.

विचारून गप्प बसणे हे न विचारण्यापेक्षा अधिक घातक असते. मी पूर्वी ज्या एका कारखान्यात होतो, तेथे समारंभपूर्वक सूचनापेटी बसवली होती. पहिल्या आठवड्यात तीत अकरा चिठ्ठ्या पडल्या. त्यांतील एकीलाही उत्तर मिळाले नाही, आणि पुढच्या वर्षभरात त्या पेटीत एकही चिठ्ठी आली नाही. पेटी उघडण्याचे काम माझ्याकडेच होते, म्हणून त्या चुकीतील माझा वाटा मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून मी पाळत आलेला नियम असा: बैठकीत निघालेल्या प्रत्येक मुद्द्याला पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्यावे. उत्तर नकारार्थी असले तरी चालेल, पण त्यामागचे कारण सांगावे.

तिसरी पायरी: शब्दवही

या संपूर्ण पद्धतीचा कणा म्हणजे एक साधी, पक्क्या बांधणीची वही. कारखान्यात दिवसभरात कितीतरी शब्द दिले जातात. "पुढच्या महिन्यात तुला दिवसपाळीला घेतो", "तिसऱ्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) यंत्राजवळचा पंखा दुरुस्त करून देतो", "मुलीच्या प्रवेशाच्या वेळी उचल देऊ", असे शब्द देणारा माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो, आणि ऐकणारा मात्र घरी जाऊन ते बायकोला सांगतो. महिना उलटतो, पंखा बंदच राहतो, कामगार पुन्हा विचारत नाही, आणि त्या दिवसापासून तो नेमून दिलेले काम तेवढे करू लागतो. माझ्या पाहण्यात आस्था मोठ्या अन्यायाने क्वचितच संपते. अशा लहान शब्दांच्या विसरण्याने ती झिजत जाते.

वहीत सहा रकाने आखावेत: तारीख, शब्द कोणी दिला, कोणाला दिला, काय कबूल केले, कधीपर्यंत, आणि पूर्ण झाल्याची तारीख व ज्याला शब्द दिला त्याची सही किंवा अंगठा. मालक, व्यवस्थापक, सुपरवायझर यांपैकी कोणीही शब्द दिला तरी तो त्याच दिवशी वहीत उतरावा. दर शनिवारी मालकाने स्वतः पंधरा मिनिटे ती वाचावी. मुदत टळणार असे दिसले, तर शब्द देणाऱ्यानेच मुदतीच्या आधी कामगाराकडे जाऊन तसे सांगावे आणि नवी तारीख लिहावी. हे काम कारकुनावर सोपवू नये. सुरुवातीच्या दोन महिन्यांत वहीचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो, तो असा की सुपरवायझर शब्द देणेच कमी करतात. त्याने निराश होऊ नये. न पाळता येणारे शब्द थांबले, हाही मोठाच लाभ आहे.

सोलापुरात या वहीला एरवीपेक्षा अधिक अर्थ आहे. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराचे घड्याळ चालू लागले. पुढे त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि हक्काच्या पैशांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहण्याची आठवण अनेक घरांत राहिली. आज तुमच्या यंत्रावर उभ्या असलेल्या तरुणाचे आजोबा त्या गिरणी कामगारांपैकी एक असू शकतात. मालकाच्या तोंडी शब्दावर त्याचा सहज विश्वास बसत नसेल, तर त्याला त्याचा स्वभाव जबाबदार नाही.

चौथी पायरी: पगाराचा चोख व्यवहार

पगार आठवड्याला होवो, पंधरवड्याला होवो किंवा महिन्याला, त्याचा दिवस कधीही चुकवू नये. मजुरी बाजारभावाप्रमाणे देऊनही दोन-तीन दिवस पुढेमागे करणाऱ्या कारखान्यात माणसे टिकत नाहीत, कारण त्या तीन दिवसांत कामगाराला व्याजाने पैसे काढावे लागतात. नगावर मजुरी असेल तर रोजचे नग रोज मोजून कामगाराच्या स्वतःच्या डायरीत लिहून द्यावेत. चेकिंगमध्ये नापास झालेला टॉवेल किंवा शर्ट त्याच दिवशी त्याला दाखवावा. महिनाअखेरीस पगारातून अचानक झालेली कपात ही भांडणाचे सर्वात मोठे कारण असते, आणि पंधरा दिवसांपूर्वीचा नग आपलाच होता हे कोणालाही पटवून देता येत नाही.

कायद्याने मिळणाऱ्या गोष्टी उपकार म्हणून न देता हक्क म्हणून समजावून द्याव्यात. बोनस किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के असतो, आणि यंदाचा टक्का कसा ठरला हे वाटपापूर्वी सांगावे. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक मोबाइलवर कसे पाहावे, हे प्रत्येकाला शेजारी बसून एकदा दाखवावे. भरणा वेळेवर होत असेल तर त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. ग्रॅच्युइटीविषयी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेविषयी, तर फार थोड्या कामगारांना नीट माहिती असते. सलग पाच वर्षे सेवा केलेल्या कायम कामगाराला प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते, आणि त्यासाठी मासिक वेतनाला २६ ने भागले जाते. ज्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहे, त्याच्या एका दिवसाचे ५०० रुपये होतात, वर्षाचे ७,५०० आणि दहा वर्षांचे ७५,०००. दर वर्षी पाडव्याला प्रत्येक जुन्या कामगाराला एक पत्र द्यावे आणि आजअखेर त्याच्या नावे किती रक्कम झाली आहे, ते त्यात लिहावे. या पत्राला कागदाखेरीज काहीही खर्च येत नाही, आणि अशी पत्रे घरच्या कपाटात महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवलेली मी पाहिली आहेत.

पाचवी पायरी: ऊन, पाणी आणि आवाज

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर चढतो. सूत तुटू नये म्हणून माग खात्यात दमटपणा ठेवावा लागतो आणि वारा अडवावा लागतो, त्यामुळे तेथील उकाडा बाहेरच्या उन्हापेक्षाही असह्य होतो. कान यांनी सांगितलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे अंगात बळ शिल्लक आहे का याचे, उत्तर येथे अगदी शब्दशः द्यावे लागते. उन्हाळ्यापुरती सकाळची पाळी लवकर सुरू करावी, दुपारी एक जादा विश्रांती द्यावी, छताला पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा, गार पाण्याची सोय प्रत्येक खात्यात असावी आणि मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक मिळावे. मागाच्या आवाजापासून कानांचे रक्षण करणारी साधने वाटावीत आणि ती का वापरायची हेही समजवावे. स्वच्छतागृह मालकाने आठवड्यातून एकदा स्वतः पाहावे. इतर कोणत्याही तपासणीपेक्षा या एका फेरीतून कामगारांना आपली किंमत अधिक स्पष्ट कळते.

पाण्याबाबत आणखी एक मुद्दा आहे, जो बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाच्या ध्यानात येत नाही. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येते आणि त्याची वेळही नेहमी सारखी नसते. पाण्याच्या दिवशी घरातील बाईला ते भरून ठेवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. एका शिलाई विभागात स्त्रियांच्या उशिराचे वार आम्ही वस्तीनुसार मांडून पाहिले, तेव्हा ज्याला बेशिस्त म्हटले जात होते तो पाण्याच्या पाळीचा तक्ता निघाला. मग पाण्याच्या दिवशी पाऊण तासाची सवलत आणि तो वेळ त्याच आठवड्यात भरून काढण्याची मुभा दिली. उशीर पूर्णपणे संपला नाही, पण त्यावरून होणारी वादावादी संपली.

सहावी पायरी: सुपरवायझर

सर्वाधिक कष्ट येथे घ्यावे लागतात. आपल्याकडे जो सर्वात कुशल कारागीर असतो, त्यालाच जॉबर (मुकादम) किंवा सुपरवायझर केले जाते. माग दुरुस्त करणे त्याला उत्तम येते, परंतु माणसे सांभाळण्याविषयी त्याला कोणी कधी काही शिकवलेले नसते. त्याच्या स्वतःच्या वेळी जॉबर जसा ओरडत असे, तसाच तोही ओरडतो. त्याला दोष देण्यापूर्वी त्याला शिकवायला हवे.

महिन्यातून दोनदा सर्व सुपरवायझरांना तासभर एकत्र बसवावे आणि प्रत्येक वेळी एकच विषय घ्यावा. पहिला विषय चूक कशी सांगायची हा असावा: एकट्याला बाजूला घेऊन, मालावर बोट ठेवून, माणसाच्या जातीवर, भाषेवर किंवा घरावर न जाता. दुसरा विषय चांगल्या कामाची दखल कशी घ्यायची हा. "शाब्बास" एवढे म्हणणे पुरेसे नाही. "काल रात्री बीम (ताण्याचा रूळ) बदलताना तुम्ही किनार सरळ ठेवली, म्हणून आजचा सगळा माल पहिल्या प्रतीत गेला" असे नेमके सांगितले, तरच आपले काम कोणीतरी खरोखर पाहिले याची कामगाराला खात्री पटते. तिसरा विषय म्हणजे काम वाटताना आपल्या नात्यातल्यांना आणि गल्लीतल्यांना झुकते माप न देणे. सोपा माल कोणाला आणि अवघड माल कोणाला, हे फलकावर पाळीपाळीने लावले की या संशयाला जागा उरत नाही. वयाने मोठ्या कामगाराला मामा, अण्णा, अक्का असे जोडून हाक मारण्याची आपल्याकडची रीत सुपरवायझरनेही पाळावी. वीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या विणकराला अरे-तुरे करू नये.

सुपरवायझरची बढती आणि वाढ ठरवताना उत्पादनाबरोबर त्याच्या हाताखालची गळती, खाडे आणि शब्दवहीतील पुरे केलेले शब्द हेही मोजावेत. सांगूनही जो सुधारत नाही त्याला पुन्हा यंत्राच्या कामावर घ्यावे, त्याच पगारावर आणि सन्मानाने. हा निर्णय कठीण असतो, कारण असा माणूस बहुधा मालकाचा जुना विश्वासू असतो. परंतु तो निर्णय टाळला, तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात.

नव्या माणसाचा पहिला महिना

नव्या कामगाराला पहिल्या दिवशी एक सोबती नेमून द्यावा. तो शक्यतो त्याच वस्तीतला किंवा तीच भाषा बोलणारा असावा, आणि शिकवण्याच्या काळात सोबत्याचे नग कमी भरले तर त्याची मजुरी भरून द्यावी. ती भरून दिली नाही, तर कोणीही मनापासून शिकवत नाही. पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी व्यवस्थापकाने त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे. जेवणाच्या सुट्टीत तो कोणाबरोबर डबा उघडतो, एवढेच पाहिले तरी तो टिकेल की नाही याचा बराचसा अंदाज येतो.

सण, सुट्ट्या आणि स्त्रियांची सुरक्षितता

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेला पूर्व भागातील मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, रमजान ईद, आषाढीची वारी, हे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच सर्वांना ठाऊक असतात. तरीही दर वर्षी त्या दिवशी अर्धे खाते रिकामे पाहून आरडाओरडा होतो. जानेवारीतच कामगारांच्या प्रतिनिधींबरोबर बसून वर्षाचे सुट्टीपत्रक करावे, आणि कोणत्या सणाला कोणी कोणाची पाळी सांभाळायची ते परस्पर संमतीने ठरवावे. गड्डा यात्रेतील अक्षता सोहळ्याला गेलेल्याची पाळी ज्याने सांभाळली, त्याला ईदला रजा मागताना संकोच वाटत नाही.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष स्त्री असावी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. समिती कागदावर ठेवू नये. तिच्या सदस्यांची नावे प्रत्येक स्त्री कामगाराला तोंडपाठ असली पाहिजेत.

कसब आणि पुढची वाट

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (विशिष्ट भागातील मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) मिळालेले आहे, पण ते विणणाऱ्या कित्येकांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो. तो सांगावा. माल कोणत्या शहरात, कोणत्या देशात जातो, तेथील ग्राहकाने काय कळवले, हे महिन्यातून एकदा खात्यात वाचून दाखवावे. कसबाच्या चार श्रेणी ठरवून प्रत्येक श्रेणीत काय यायला हवे आणि तिला किती वाढ मिळेल, ते भिंतीवर लावावे. साधा माग चालवणाऱ्याला रॅपिअर (धोट्याविना चालणारा आधुनिक) माग शिकता येईल, शिलाईवालीला कटिंग आणि पुढे नमुना काढणे शिकता येईल, हे दिसले की पुण्याच्या गाडीचे आकर्षण थोडे तरी कमी होते. सर्वांचेच होईल असे नाही. कोणी जात असेल तर त्याचा हिशेब वेळेत चुकता करून त्याला आनंदाने निरोप द्यावा, कारण परत आलेला कारागीर बहुधा पुन्हा जात नाही.

मंदीचा महिना

हे सगळे खरे आहे की वरवरचे, याची परीक्षा ऑर्डर थांबतात तेव्हा होते. अशा वेळी बातमी आधी चहाच्या टपरीवर पोहोचते आणि मग मालक बोलतो, हा क्रम उलटा झाला पाहिजे. ज्या दिवशी पाळी कमी करण्याचा विचार पक्का होईल, त्याच दिवशी सर्वांना एकत्र करून हातात किती दिवसांचे काम आहे ते आकड्यांत सांगावे. मोजक्या माणसांना काढण्याऐवजी उपलब्ध काम सर्वांमध्ये पाळीपाळीने वाटता येते का, हे कामगारांनाच विचारावे. कमी दिवसांचे काम सर्वांनी वाटून घेण्यास अनेक खाती स्वतःहून तयार होतात. मशीनची देखभाल, रंगकाम, नव्या मालाचे प्रशिक्षण ही कामे याच काळासाठी राखून ठेवावीत. पुढची माहिती कोणत्या तारखेला देणार, ते शब्दवहीत सर्वांसमोर लिहावे. त्या तारखेला नवी ऑर्डर आलेली नसली तरी पाळी सुटण्यापूर्वी मालकाने खात्यात उभे राहून तेवढेच सांगावे, आणि वहीत पुढची तारीख लिहावी.